मांडीवरचं बोचकं

मेहबूबचाचांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू ड्रायव्हर असायचा. घरांच्या खरेदी-विक्रीचा एजंट म्हणून निम्मं कोल्हापूर त्यांना ओळखायचं, पण ते आमच्या दारात पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना वायरमन समजून मीटर दाखवला. वडील नुकतेच गेले होते. मंगळवार पेठेतलं घर आईला आणि मला झेपेना, म्हणून विकायला काढलं होतं.

मागच्या खोलीतली ओल दिसू नये म्हणून मी भिंतीला कपाट लावून ठेवलं होतं. चाचांनी ते आधी सरकवलं. "ताई, ओल झाकायची न्हाई. मी गिऱ्हाइकाला पैल्यांदा हीच भित दावनार. मग बाकीच्या भितींवर त्यो डोळं झाकून इस्वास टाकतोय." तसंच झालं. आई तर घर रिकामं करूनच दाखवायला निघाली होती. तिला म्हणाले, "वहिनी, घर नांदतं दावा. रिकामं बघितलं की मान्सं भाव पाडत्यात." घरफाळ्याच्या पावत्यासुद्धा त्यांनीच एका फायलीत लावून दिल्या.

सामान हलवायच्या दिवशी त्या स्क्रू ड्रायव्हरचा उलगडा झाला. ट्रक भरायच्या आधी त्यांनी दारावरची वडिलांच्या नावाची पाटी काढली, रुमालानं पुसली आणि आईच्या हातात दिली. "सायबास्नी संगं घ्या. दुसऱ्याच्या घरावर आपलं नाव ठिवायचं न्हाई, पाय सारखं तिकडंच वळत्यात." मग चहापूड, साखर, गाळणी आणि पातेलं यांचं वेगळं बोचकं बांधायला लावलं. "ह्ये ट्रकात न्हाई, मांडीवर घ्यायचं. नव्या घरात पैला च्या झाला की घर आपलं." राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये फरशीवर बसून तो पहिला चहा त्यांनीही बशीतून फुरके मारत घेतला. कित्येक महिन्यांनी आई हसली.

दहाएक वर्षांनी चाचांच्या पत्नी, रोशनचाची, गेल्या. मुलगा इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला होता, त्याला बापाला एकटं ठेवायचं नव्हतं. चाचांचा फोन आला, "ताई, माझं घर इकलं. नाव काढायचं हाय, तुम्ही या."

मी गेले तर काढायला पाटीच नव्हती. दारावर सिमेंटची अक्षरं होती, रोशन मंझिल. घर बांधताना गवंड्याच्या शेजारी उभं राहून चाचांनी ती करून घेतली होती. आज खिशात स्क्रू ड्रायव्हर नव्हता, हातात छिन्नी-हातोडी होती.

घर घेणारा तरुण भला होता. "चाचा, ऱ्हाऊ दे की नाव. आमाला काय अडचन न्हाय."

"राहू द्या ना चाचा," मीही म्हटलं.

"ताई, तुमच्या आईला म्या काय सांगितलं हुतं?"

मी त्यांचं स्टूल धरलं. 'मंझिल' त्यांनी भराभरा फोडलं. मग स्टुलावरून उतरले, पाणी प्याले, पुन्हा चढले. 'रोशन'वर ते इतक्या हळू घाव घालत होते, की जणू आत कुणी झोपलेलं असावं. इतका राग मला कुठल्याच शहाणपणाचा कधी आला नव्हता. खाली पडलेले तुकडे त्यांनी रुमालात गोळा केले आणि मागं न बघता रिक्षात बसले. मांडीवर बोचकं होतं.

पाच महिन्यांनी त्यांचा मुलगा माझ्या दारात आला तो तेच बोचकं घेऊन. अब्बा आठवड्यापूर्वी गेले म्हणाला.

"अब्बा घरात कधी च्या प्यालेच न्हाईत ताई. रोज कोपऱ्यावरच्या गाड्यावर जायाचे. ह्या बोचक्याला कुनाला हात लावू द्यायचे न्हाईत."

त्यानं गाठ सोडून दाखवली. चहापुडीचा पुडा तसाच होता, साखरेचा दगड झाला होता आणि पातेल्यात रुमालात बांधलेले सिमेंटचे तुकडे होते.

"ह्ये आता कुठं ठिवू?" त्यानं विचारलं.

घर कसं विकावं, कसं सोडावं, नवं आपलं कसं करावं, सगळं चाचांनी मला शिकवलं होतं. हे तेवढं सांगितलं नव्हतं.