राणीसाहेबांचा तूर्यनाद

चूक श्रीनाथची, त्यात वाद नाही. नाटक सुरू व्हायला थोडा वेळ होता. आखातातल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी दत्तप्रसाद दारातून धावत आले आणि म्हणाले, "शेठ आले. लाव काहीतरी भारी. यल्ला, चल लवकर." साउंडवर बसलेल्या श्रीनाथने हाताशी होती ती कॅसेट लावली. तुतारी दणाणली, स्पॉन्सर शेठ हात जोडत पहिल्या रांगेत बसले, आणि रिवाइंड करताना डेकने टेप गिळली.

ती तुतारी कमलिनीताईंची होती.

कमलिनीताई करामा भागातल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला होत्या. राहायला शारजात, म्हणजे तालमीनंतर ट्रॅफिकमध्ये आणखी एक अंक. मंडळाच्या ऐतिहासिक नाटकांत त्या कायम दासी. वर सगळ्या दरबाराचे शेले त्याच शिवणार. यंदा, अठ्ठ्याण्णव साली, पहिल्यांदा राणी मिळाली. वाचनाच्या दिवशीच त्यांनी श्रीनाथपुढे संहिता धरली. कंसात लिहिलं होतं : तूर्यनाद. राणीसाहेब येतात.

"हे काय असतं?" श्रीनाथच्या सांगोल्याच्या शाळेत एवढा पोर्शन झाला नव्हता.

"तुतारीची ललकारी. जुने नाटककार हा शब्द कुणावरही उधळत नसत. दासीला नुसतं 'येते' लिहायचे. इतकी वर्षं मी नुसती येतेय."

आता त्या शालू नेसून विंगेत उभ्या होत्या आणि श्रीनाथ पेन्सिलीने टेप गुंडाळत होता. बाहेर रंगमंचावर प्रधान राणी यायच्या आधीचं वाक्य तिसऱ्यांदा बोलला.

"ताई, जा ना," दत्तप्रसाद कुजबुजले. "आवाजाचं काय एवढं?"

"शेठना मिळाला ना?"

"अहो, हॉल त्यांनी दिलाय."

"मग राणीही त्यांनाच करा. चोळी सैल करून देते."

आणि त्या गेल्या. नुसत्या. पहिल्या रांगेवर नजर रोखून त्यांनी संहितेत नसलेलं वाक्य टाकलं : "आमची वर्दी कुणाच्या पायी वाहिलीत?" टाळ्या पडल्या. शेठनीही वाजवल्या, त्यांना तो अभिनय वाटला.

प्रयोगानंतर श्रीनाथ चहा घेऊन गेला. "सॉरी, ताई."

"चहावर भागवू नकोस. माझा एक तूर्यनाद तुझ्याकडे राहिलाय."

"पुढच्या वर्षी, इन्शाल्ला."

पुढच्या वर्षी राणी शेठच्या सुनेला गेली आणि ताईंना पुन्हा दासी. त्यांनी संहिता टेबलावर आपटली, शेल्यांची पिशवी उचलली आणि निघून गेल्या. मंडळाने शेले मागून पाहिले. मिळाले नाहीत.

श्रीनाथने टेप जोडून घेतली. कॅसेट गाडीच्या खणात असते. शारजाच्या वाटेवर कधी दवाखान्याची व्हॅन शेजारी येते, खिडकीत ताई, कपाळावर तीच आठी. तो कॅसेट काढून डेकमध्ये सारतो, काच खाली करतो, तोवर व्हॅनची रांग पुढे सरकते.