शिकवणीच्या गाडीची शिकवणी

गावातल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवली ती ब्रेकबाईंनी. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो दाबण्याची वेळ त्यांनी कधी चुकवली नाही, म्हणून हे नाव पडलं. वीस वर्षांत त्यांना घाम फोडला तो एकाच विद्यार्थिनीनं, त्यांच्या थोरल्या नणंदेनं. वन्सं एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकायला बसल्या आणि ॲक्सिलरेटर असा दाबायच्या, की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे.

परीक्षेच्या दिवशी सकाळी नेमकी बॅटरी मेली. ब्रेकबाईंनी हात काळे करून नवी बसवली. गाडी सुरू झाली, पण हीव भरल्यासारखी थरथरायला लागली. फाटकापर्यंत जाईतो तीनदा बंद पडली.

"राहू दे गं, माझ्या नशिबातच नाही," म्हणत वन्सं पर्स घेऊन उतरायला लागल्या.

ब्रेकबाईंनी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला फोन लावला. तो हसायलाच लागला.

"बाई, बिघडलंय कुठे काय? बॅटरी काढली की इंजिनाचा कॉम्प्युटर शिकलेलं विसरतो. एसी, दिवे, रेडिओ सगळं बंद करा आणि पंधरा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवा. मग एसी लावून आणखी पाच मिनिटं. बंद पडली तर पुन्हा सुरू करा. पण ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही म्हणजे नाही!"

हँडब्रेक ओढून वन्संनी सीटवर चक्क मांडी घातली.

"तुम्ही आणि पाय आवरणार?" ब्रेकबाई म्हणाल्या.

"अगं, तीस वर्षं मागच्या सीटवर बसून दुसरं केलं काय मी?"

दोघींना हसू आवरेना. गप्पांच्या नादात गाडीची थरथर कधी थांबली, कळलंच नाही. इंजिन एका सुरात घुरघुरत होतं.

"ऐकलंस? आली ठिकाणावर!" वन्संनी टाळीसाठी हात पुढे केला. मग दोघींनी चार गल्ल्यांतून सावकाश एक फेरी मारली.

परीक्षेच्या मैदानावर परीक्षकांनी वन्संना भर चढावर थांबवलं आणि पुन्हा निघायला सांगितलं. मैदानाच्या कडेला ब्रेकबाईंनी श्वास रोखला. वन्संचा पाय इतका हलके टेकला, की गाडी जागची कधी हलली ते कळलंसुद्धा नाही.

"पास!" परीक्षक म्हणाले.

परतताना चौकात वन्संनी गाडी डावीकडे वळवली.

"वन्सं, घर उजवीकडे!"

"माहितेय मला," वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी रेडिओ लावला.