मच्छरदाणीवरचे पापड

आम्ही फुलचूरच्या बाया बचत गटात तांदळाचे पापड करत होतो. पिलास्टिकवर ते चिकटत अन् उलटवताना तुटत. एक दिवस मी लेकराची जुनी मच्छरदाणी खाटेवर ताणून बांधली, तिच्यावर पापड टाकले. खालूनही हवा लागली, एखाददुसराच तुटला. गटाची अध्यक्ष काकू म्हणे, "हे कोनाले सांगू नको हं!"

अन् मी बयाड, येडीच! आमगावच्या बाजारात तिथल्या गटाच्या बाया आपले तुटके पापड दाखवून रडून राहिल्या होत्या, मी त्याईले सारंच सांगून बसली. मंग जीव घाबरला. आता मले गटातून काढतात म्हणून गावात येताच पोरीले कडेवर घेऊन तशीच काकूच्या घरी पळाली, धापा टाकत कबूल केलं.

"तुह्या तोंडाले कुलूप नाही का वं?" काकू वरडली. मंग तिनं ऑर्डरीची वही काढली. लग्नसराईची ऑर्डर एवढी मोठी होती का आमच्यानं होतच नव्हती, दुकानदाराले नाही म्हणायची पाळी आली होती.

"आता सांगितलंच हायेस त अर्धे पापड त्याईच्याकडून करून घे," ती म्हणे. "तूच जाय शिकवायले."

मी भीत भीत गेली. त्याईनं जाळी आधी ओली केली होती, पापड अलगद सुटून राहिले होते. आमच्या गटाले हे सांगायले मी दुसऱ्याच दिवशी पोचली.