मागाची धडधड

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. ज्या मुलांची वाढ इतरांसारखी होत नाही, त्यांना जेवायला, कपडे घालायला, एका जागी बसायला शिकवते. "हातपाय धड आहेत की, मग थेरपी कशाला?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं.

वडगावातल्या एका घरी सात वर्षांची मुलगी होती. कुकरची शिट्टी झाली तरी कान दाबून किंचाळायची. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग दिवसभर धडधडायचे. बोलता बोलता धागा तुटून माग थांबला, की तिचे वडील वाक्य अर्धवट टाकून उठायचे.

मला वाटलं, त्रास मागांचाच आहे. मी म्हटलं, "अण्णा, तासभर बंद ठेवा." त्यांनी ठेवले, तर पोर भिंतीवर डोकं आपटायला लागली. माग सुरू झाले तेव्हाच गप्प झाली. त्या आवाजातच जन्मली होती ती.

यंदा साड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. माग भंगारात गेले आणि पोर झोपेना. "लई हाल हाईत वो हिचं, म्याडम," तिची आई म्हणाली. मग मी शेजारच्या गल्लीतल्या मागाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून आणला.

तो लावल्यावर पोर आईच्या मांडीवर झोपली. अण्णा भिंतीला टेकून चहा पीत होते. रेकॉर्डिंग संपलं, आवाज थांबला. अण्णा कप खाली ठेवून झटकन उठले आणि रिकाम्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.