मुरबाडचे पाहुणे आणि नाचणारा सत्तेचाळीस

...आणि वर मलाच सांगते, "आई, तुला शोभेतलं काय कळत नाय!" महिनाभर घसा फोडून सांगतेय, घराचा नंबर मोठा काढ, जाड काढ, रस्त्यावरून दिसू दे. पण ऐकेल तर ती आमची दर्शना कसली!

पोरगी वारली चित्रं छान काढते, ते मी नाकारत नाय. पण गेरूच्या भिंतीवर तिने पांढरी माणसं नाचवली आणि त्यांच्यातलीच काही वाकवून सत्तेचाळीस केला. सांगितलं तर दिसतो... नाय तर नुसता नाच.

परवा रविवारी मुरबाडहून तिला बघायला पाहुणे यायचे होते. मुलगा, त्याची आई आणि आत्या. शेणव्याजवळच्या आमच्या पाड्यात सगळ्यांचं आडनाव एकच, म्हणून आमच्या ह्यांनी फोनवर घर नंबर दिला. सकाळपासून पोरगी साडी नेसून बसलेली... दुपार झाली तरी पाहुणे नाय.

पाहुणे कुठं? वळणावर थोरल्या जाऊबाईंच्या ओटीवर!

आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी, मग चहा. कोण, कुठले, ते त्याच्याआधी विचारायचं नाय. जाऊबाईंना वाटलं, आपल्या मुलाच्या कंपनीतले असतील. पाहुण्यांना वाटलं, हेच घर. जाऊबाईंची सून कविता डोक्यावर पदर घेऊन चहा घेऊन आली, तर आत्याबाईंनी तिला समोर बसवली.

"स्वयंपाक जमतो ना गो?"

कविता म्हणते, "ते माझ्या सासूलाच विचारा!"

आत्याबाईंची बशी हातातच राहिली म्हणे. मुलगा उठून थेट अंगणात.

जाऊबाई हसत हसत सगळ्यांना आमच्याकडे घेऊन आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं... म्हटलं, गेलं हे स्थळ. मुलगा भिंतीसमोर उभा राहिला. "दोनदा गेलो इथून. नंबर कुठाय?"

दर्शना दारातून म्हणाली, "बघणाऱ्याला दिसतो." मी तिला चिमटा काढला.

तो मात्र चिडला नाय. म्हणाला, "चित्र झकास आहे. नाचणाऱ्यांना नाचू द्या, मधे जागा करून नंबर जाड काढा."

अरे, मी महिनाभर दुसरं काय सांगत होते? पण त्याने सांगितल्यावर बाईसाहेबांनी पदर खोचला नि ब्रश घेतला. सासू होणारी बाई बघतेय, आणि मुलगा रंगाचा डबा धरून उभा! मधे पांढरा गोल, त्यात काळा ठसठशीत सत्तेचाळीस, भोवती हात धरून नाचणारी माणसं. आता शोभतोय पण, आणि एसटीतून दिसतोय पण.

संध्याकाळी आत्याबाईंचा फोन आला... पोरगी पसंत. आमचे हे लगेच पेढ्यांना निघाले. तर दर्शना म्हणते, मुलगा बरा आहे, पण मी स्वतः त्यांचं घर बघणार, मग हो म्हणणार.

आमच्यात मुलाचं घर बघायला बाप्ये जातात. पोरगी कधी गेली नाय. मी थोडी रागावले... मग आठवलं, मी हे घर पहिल्यांदा पाहिलं ते माप ओलांडताना. चूल कुठं, पाणी किती लांब, मला कोणी दाखवलं होतं? पोरगी बरोबर बोलतेय. बरं वाटलं मला.

तसं फोनवर कळवलं, तर तिकडून नुसतं "बघू, घरात विचारते." आत्याबाई, तुमी फेसबुकवर असता, हे वाचालच. पोरगी येणार, तिच्याबरोबर मी येणार. चालतंय का नाय, ते शनिवारपर्यंत सांगा.