टमाट्याचं वाण

लग्न होऊन मी जालन्यात राहायला आले ती दसरा झाल्यावर. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. आमचे हे लोखंडाच्या कारखान्यात कामाला होते. माडीवर भाड्याच्या दोन खोल्या, आणि खोल्यांपुढं दोन-तीन खाटा मावतील एवढी उघडी गच्ची. खाली घरमालकीण राहायची. तिला सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून आम्हीही खाला म्हणू लागलो.

लग्नाआधी आम्ही एकमेकांना पाहिलेलं एकदाच, तेही पोह्यांच्या बशीवरून. त्यामुळं संध्याकाळी हे एका भिंतीला टेकून, मी दुसऱ्या भिंतीला टेकून, आणि मधे चहा. बोलायचं काय, तेच दोघांना कळत नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी हे भाजी आणायला बाजारात गेले आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली रोपांची जुडी घेऊन आले.

"भाजी कुठंय?" मी विचारलं.

"हीच की. टमाट्याची हाय. जराशी वाट बघावी लागंल."

मी पदर तोंडावर धरला, पण हसू काही आवरेना. मंग हेही हसायला लागले. त्या दिवशी पिठल्यावर भागवलं, आणि पहिल्यांदा जेवताना आम्ही बोललो.

"तुम्हाला येतं का पर हे?"

"शेतकऱ्याचं पोरगं हाय मी, वाटूरचा. मला इचारून राह्यली?"

"मी बी पिंपळगाव रेणुकाईची हाय. मला सगळं येतं."

येत कुणालाच नव्हतं. हे शाळेपासून बाहेरगावी होस्टेलला, मी आत्याकडं शिकायला. शेत पाहिलेलं ते सुट्टीत, बांधावर बसून हुरडा खाताना. पण दोघांनीही मोठमोठ्या बाता मारल्या, त्यामुळं आता माघार घ्यायची सोय राहिली नाही.

किराणा दुकानातून तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे आणले. माती कुठून आणायची? ह्यांनी सांगून टाकलं, माती आणायची तर आपल्याच रानाची. गेले वाटूरला आणि काळ्या मातीचं पोतं घेऊन एसटीत बसले. कंडक्टरनं पोत्याला पाय लावून बघितला.

"काय हाय याच्यात?"

"माती."

"कसली माती?"

"आमच्या रानातली."

"का हो, जालन्यातली संपली का?"

सगळी गाडी हसली म्हणे. ह्यांनी घरी आल्यावर कंडक्टरचं तोंड करून दाखवलं, तेव्हा हसता हसता मी जिन्याच्या पायरीवरच बसले. पोतं वर चढवायला मला बोलावलेलं, आणि माझ्या अंगात पोतं काय, तांब्या उचलायचंही त्राण उरलं नव्हतं.

रोपं लावली. डबे उन्हात ओळीनं मांडले. आणि मंग आम्ही दोघं त्या रोपांच्या इतके नादी लागलो की विचारू नका. हे कामावर जाताना पाणी घालून जायचे. हे गेले की मी घालायचे. दुपारी तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी घालायचे. संध्याकाळी हे आले की पुन्हा घालायचे, "वाळून राह्यलेत बिचारे" म्हणत. थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडली आणि रोपांनी माना टाकल्या. आम्ही डब्यांपुढं उकिडवे बसलो, दवाखान्यात नातेवाईक बसतात तसे.

खाला वाळवण बघायला वर आली होती. तिनं एका डब्यात बोट घातलं आणि चिखलानं भरलेलं बोट आमच्यापुढं धरलं.

"अगं बेटी, टमाटे लावले का मछली पाळली? डब्याला छेद कुठं हाय?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. डब्याला भोकं पाडायची असतात, हे दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना माहीतच नव्हतं!

"दोघं बी शेतीवाले ना तुम्ही?" खालानं विचारलं, आणि कपाळावर हात मारला.

त्या दुपारी आमच्या माडीवर खिळा-हातोड्याचा असा दणदणाट झाला की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. खालानं नुसती काळी माती चालणार न्हाई म्हणून सांगितलं. तिच्यात वाळू मिसळायला लावली, स्वतःच्या बकऱ्यांचं लेंडीखत दिलं, डब्यांखाली विटा ठेवून घेतल्या. "आता बोट घालून बघायचं. वरची माती सुकली तरच पानी. बिलकुल लाड करायचे न्हाईत." काही रोपं मेली. उरलेल्यांनी मात्र जीव धरला, आणि थंडी पडली तशी अशी उसळली की रोज सकाळी वेगळीच दिसायची.

त्याच सुमाराला सासरे आले. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जालन्यात झालं आणि ते आराम करायला आमच्याकडं राहिले. मोठा शिस्तीचा माणूस. त्यांच्यापुढं मी डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, आणि "हो" आणि "न्हाई" याच्यापुढं माझं बोलणं जात नसे. डॉक्टरांनी त्यांना काळा चष्मा दिला होता आणि वाकायची सक्त मनाई केली होती.

पहिल्या दिवशी ते गच्चीवर आले, चष्म्यातून डब्यांकडं बघत उभे राहिले. "डब्यात शेती," म्हणाले, आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी खाटच गच्चीवर टाकायला लावली.

"सूनबाई, त्या कडच्याला आधार न्हाई. पडंल ते."

ह्यांना गावाकडं पिटाळून त्यांनी पऱ्हाट्या मागवल्या. कपाशी वेचून झाल्यावर राहतात ना, त्या वाळल्या काटक्या. मी जुन्या साडीच्या चिंध्यांनी रोपं काटक्यांना बांधायची, आणि मामा खाटेवरून हुकूम सोडायचे. "ढिलं बांध. गळ्याला फास न्हाई लावायचा. मागच्या फांदीला बघ, फूल हाय का?" त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून मीच त्यांचे डोळे झाले. आणि "हो", "न्हाई"त टमाट्याची बातमी काही सांगता येत नाही. मी बोलायला लागले.

पहिला टमाटा मला दिसला. बोराएवढा, हिरवा, पानाआड. मी एवढ्यानं ओरडले की हे आतून दाढीचा साबण तोंडाला तसाच घेऊन धावत आले आणि मामा खाटेवरून वाकले.

"मामा, वाकू नका! चष्मा! चष्मा काढू नका!"

बोलून गेले आणि जीभ चावली. सासऱ्यावर ओरडले होते मी. मामा सावकाश सरळ झाले, चष्मा नाकावर बसवला आणि म्हणाले, "बरं. मंग तूच सांग, केवढा हाय?"

संक्रांत जवळ आली. माझी लग्नानंतरची पहिलीच. नळावर बायकांचं चाललं होतं, कोण काय वाण लुटणार. कुणी कंगवे, कुणी प्लास्टिकच्या वाट्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी टमाटे लुटणार. आमच्या गच्चीवरचे." सगळ्या एवढ्या हसल्या की कुणाची तरी घागर भरून वाहायला लागली.

आता टमाटे होते पुष्कळ, पण सगळे हिरवे! मामा रोज सकाळी विचारायचे, "झाले का लाल?" काळ्या चष्म्यातून त्यांना सगळेच सारखे दिसायचे. एकदा त्यांनी खात्रीनं एक तोडून माझ्या हातात दिला, तो हिरवाकंच. हळदीकुंकवाचा दिवस ठरला, बोलावणं गेलं, तरी लाली येईना. मी रडकुंडीला आले.

"जल्दी कशाला करती?" मामा म्हणाले. "आंब्याची अढी लावतो तशी याची लावू. पिवळसर झालेले तेवढे तोड."

टोपलीत कडबा अंथरून त्यात टमाटे मांडले आणि टोपली खाटेखाली सरकवली. मामा त्याच खाटेवर झोपायचे. सकाळी उठल्यावर देवाचं नाव घ्यायच्या आधी खाली हात घालून चाचपायचे.

हळदीकुंकवाच्या दिवशी मी काळी साडी नेसले, आईनं पाठवलेले हलव्याचे दागिने घातले आणि टोपली ओढली. वरचे लाल, मधले केशरी, खालचे अजून रुसलेलेच. म्हटलं, जे आहे ते आहे. गल्लीतल्या सगळ्या आल्या. हळदीकुंकू, तिळगूळ आणि हातावर एकेक टमाटा. "मला लाल दे गं", "हिला मोठा का?" अशी ओढाताण सुरू झाली. एका आजींनी टमाटा ओटीत घेऊन त्याला चक्क नमस्कार केला. खाला तिळगूळ खायला आली होती. तिनं उरलेले हिरवे मागून नेले, चटणीला. हसून हसून माझ्या हलव्याच्या बांगड्या फुटल्या, आणि गच्चीवर मुंग्यांची रांग लागली.

दिवेलागणीला हे कामावरून आले. "आण की एक. खाऊन तर बघू."

टोपली पालथी केली. कडबाच कडबा. आम्ही एकही चाखला नव्हता! सगळे वाटून बसले होते मी. मंग आम्ही तिघंही डब्यांकडं धावलो, मामासुद्धा चष्मा सावरत. पानं उलटीपालटी करून शेवटी एक सापडला. एका अंगानं पाखरानं टोचलेला, दुसऱ्या अंगानं तडकलेला, पण लाल. ह्यांनी विळीवर त्याच्या तीन फोडी केल्या, मी मीठ लावलं.

मामांनी फोड तोंडात टाकली, डोळे मिटले, बराच वेळ चघळली.

"आंबट हाय," म्हणाले. आणि माझ्या फोडीकडं हात पुढं केला.

ह्यांना असं हसू फुटलं की ते भिंत धरून खालीच बसले. मामाही तोंडावर उपरणं धरून हलायला लागले. खालून खाला चटणीचा खलबत्ता थांबवून ओरडली, "अरे, हुवा क्या? कोन पडलं?" मी कठड्याशी गेले, सांगायला तोंड उघडलं, पण हसूच बाहेर पडलं.