सरांनी मागितलेला एसी

पुण्याच्या स्टेशनवर बाबांनी माझी बॅग बर्थखाली सरकवली आणि म्हणाले, "सोडून दे आता. मोठी माणसं आहेत, आपण डूख धरू नये." मी मान डोलावली. गाडी हलल्यावर रडले, पण दुःखाने नाही, संतापाने. बाबा, आज सांगते, मी काहीही सोडलं नव्हतं.

माझ्यासारखेच पुण्यातल्या त्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेले तुम्ही सगळे, तुम्हाला ठाऊक आहे की ते यंत्र मी बांधलं होतं. प्रथिनाचा एक रेणू दोन सूक्ष्म मण्यांमध्ये बांधायचा, लेसरच्या प्रकाशाने एक मणी ओढायचा आणि रेणूची घडी कशी उलगडते ते बघायचं. मी भौतिकशास्त्राची. आधी प्रथिनाशिवाय नुसते मणी पाण्यात सोडून बघू, एसी बंद ठेवू, असा माझा हट्ट. आमचे सर म्हणायचे, "रिकाम्या पाण्यात काय बघायचंय?" एसी चालू ठेवून थेट प्रथिनच ओढलं, आणि पडद्यावर एक नाजूक थरथर दिसली. तो प्रथिनाचा नवा गुण आहे असं ठरवून त्यांनी पेपर छापला. त्यात माझं नाव नव्हतं. विचारलं तर सर हसले. "तू तर घरचीच. घरच्यांचं नाव कशाला लागतं?"

चेन्नईत पेरुंगुडीला खोली घेतली. सुरुवातीला मेसमध्ये बोट दाखवून जेवायचे आणि सांबारात गूळ शोधायचे. आता "पोदुम" म्हटल्याशिवाय वाढणारा थांबत नाही, हे अंगवळणी पडलंय. नव्या प्रयोगशाळेत सेल्वी प्रथिनं बनवते, मी यंत्र बांधते. इथे माझे दोन्ही हट्ट नियम झाले. मे महिन्यात बंद खोलीत आम्ही निथळत मोजणी करतो. मी वैतागले की सेल्वी मानेवरचा ओला टॉवेल सरळ करत म्हणते, "कोंजम पोरुंग, अक्का." म्हणजे जरा दम धर. मी दम धरला होता.

गेल्या उन्हाळ्यात सर आले. त्यांची थरथर जगात दुसऱ्या कुणालाच दिसेना, म्हणून ती आमच्या यंत्रावर दाखवायची होती. प्रथिन बर्फात घालून आणलं होतं, बोलणं साखरेत घोळून. मी आधी नुसते मणी लावले. रेघ सरळ आली. सर रुमालाने मान पुसत म्हणाले, "केवढं उकडतंय गं! एसी तरी लाव."

सेल्वीने माझ्याकडे पाहिलं. मी तत्परतेने एसी लावला. पडद्यावर थरथर उमटली, हुबेहूब त्यांच्या पेपरातली. त्यांचं प्रथिन अजून बर्फातच होतं.

"एसीचा हादरा आहे, सर." मी बंद केला, रेघ सरळ झाली. परत लावला. खरं तर एकदा दाखवून भागलं असतं, पण मला मजा येत होती.

सरांचा चेहरा उतरला. दाराशी थांबून हळूच म्हणाले, "हे आपल्यातच राहू दे. तू आमच्या घरची आहेस."

बाबा, तेव्हा मला तुमचा सल्ला आठवला, आणि मी सोडून दिलं ते फक्त त्या सल्ल्याला.

"माझं घर आता इथे आहे, सर. इथे आधी रिकामं पाणी बघतात. पेपर तुम्ही मागे घेताय, की मी कळवू?"

घरची म्हणणारे मला पुष्कळ भेटले. पण माझं ऐकून जिथे माणसं घामाघूम होतात, ते घर हेच. सरांनी पेपर मागे घेतला. त्यावर माझं नाव नाही, एवढे त्यांचे उपकार.